माठ आणि समुद्र : नाशिकमधील एका घरगुती प्रवाळ टाकीच्या नोंदी

१९ नोव्हेंबर २०२३, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत टाकी पाच दिवस नळाच्या पाण्याने भरून ठेवली होती. एकाही सांध्यातून थेंब आला नाही, म्हणून आज ती रिकामी करून इंदिरानगरच्या आमच्या घरात दिवाणखान्यातील कायमच्या जागी बसवली. टाकी २४ इंच लांब, १५ इंच रुंद आणि १५ इंच उंच आहे. काच ८ मिलिमीटरची आहे. काठोकाठ भरल्यास तिच्यात साधारण ८८ लिटर पाणी मावते, परंतु वाळू, खडक आणि वरची मोकळी पट्टी वजा जाता मी ७० लिटर धरले असून पुढील सर्व हिशेब याच आकड्यावर केलेले आहेत. पाणी, खडक, वाळू आणि काच मिळून भार ११० किलोच्या आसपास जातो. त्यामुळे लोखंडी अँगलचा स्टँड तुळईखालच्या भिंतीला लागून ठेवला आणि पाणपातळीच्या नळीने चारही कोपरे तपासले. खिडकीचे ऊन टाकीवर पडणार नाही, हेही पाहिले.

काय पाळायचे यापेक्षा काय पाळायचे नाही, हे आधी ठरवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि ऑर्गन पाइप प्रवाळ यांचा समावेश आहे. समुद्रातून काढलेला तथाकथित ‘जिवंत खडक’ हा बहुतेक वेळा दगडी प्रवाळांचा सांगाडाच असतो, म्हणून तोही नको. खडक भट्टीत भाजलेला, सच्छिद्र आणि माणसाने घडवलेला घेतला आहे. मालवणच्या सागरी अभयारण्यात पाण्याखाली डोके घालून जे एकदा पाहिले, ते तिथेच राहिले पाहिजे असे मला मनापासून वाटते. या टाकीत फक्त मऊ प्रवाळ राहतील, तेही दुसऱ्या छांदिष्टाच्या टाकीत कापून वाढवलेले.

२६ नोव्हेंबर २०२३, रविवार

आज जिल्ह्यात अवकाळी पाऊस झाला आणि निफाडच्या बाजूला गारा पडल्या. माझे काम द्राक्षबागायतदारांसाठी पाणी आणि माती तपासण्याचे असल्यामुळे दिवसभर फोन वाजत होते आणि बहुतेकांच्या आवाजात रडू होते. रात्री वीज पाच तास नव्हती. टाकी अजून कोरडीच आहे, पण ती भरलेली असती तर काय झाले असते याचा विचार केल्याशिवाय राहवले नाही. पंप थांबले की पाण्याच्या पृष्ठभागाची हालचाल थांबते आणि सर्वांत आधी प्राणवायू कमी पडतो. तापमान त्यानंतर बऱ्याच तासांनी हलते. म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर एक वेगळी वायर ओढून घेण्याचे आणि त्यावर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टाकीतले पाणी हलते ठेवणारा पंप, चालवण्याचे ठरवले.

१० डिसेंबर २०२३, रविवार

नाशिकचे पाणी प्रामुख्याने गंगापूर धरणाचे आहे. पिण्यासाठी ते चांगले असले तरी या कामासाठी चालत नाही. आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, आज १६८ आला. स्वयंपाकघरातील आरओ यंत्राचे पाणी ३४ दाखवते, कारण त्या यंत्रात चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. ती सोय बंद करून पुढे उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडली, तेव्हा मीटरवर शून्य आले. हा हट्ट यासाठी की टाकीतून पाणी वाफ होऊन जाते आणि त्यातील क्षार मागे राहतात. रोज एक लिटर भर घालायची म्हटली, तर अशुद्ध पाण्यातील सिलिकेट, फॉस्फेट आणि धातू वर्षभरात ३६५ लिटरांचे साठतात.

मीठ म्हणून समुद्री टाकीसाठीच मिळणारे मिश्रण वापरले आहे. घरातील मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी नसते, त्यामुळे त्याने पाणी खारट होईल पण समुद्र होणार नाही. लिटरला ३७ ग्रॅम या प्रमाणात ८० लिटरला सुमारे तीन किलो मिश्रण लागले. ते पिंपात पंप लावून रात्रभर फिरवले.

क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर घेतला आहे. तो केवळ शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण स्वस्त उपकरणांची पट्टी बहुधा साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते आणि वरच्या टोकाला चुकते. प्रयोगशाळेतील तराजूवर ३६.५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाण्यात विरघळवले. या द्रावणाचा अपवर्तनांक ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) समुद्रपाण्याइतका असतो. उपकरण दीड पीपीटीने जास्त दाखवत होते, ते दुरुस्त केले. बागेच्या पाण्याची ईसी, म्हणजे क्षारांमुळे येणारी विद्युतवाहकता, १ डेसीसीमेन्सच्या पुढे गेली की शेतकऱ्याला सावध करणे हे माझे रोजचे काम आहे, आणि आज माझ्याच घरात मी ५३ ईसीचे पाणी जपून, चमचा चमचा मीठ घालून तयार केले.

१७ डिसेंबर २०२३, रविवार

पाणी, वाळू आणि खडक टाकीत आहेत. तापमान हीटरने २५ अंशांवर ठेवले आहे. रात्री खोली १८ अंशांपर्यंत उतरते आणि त्या थंडीत जिवाणू वाढण्यास फार वेळ लागेल. आज ४४० मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड तोलून घातले, म्हणजे ७० लिटरमध्ये अमोनिया साधारण २ पीपीएम (दहा लाख भागांत दोन भाग) झाला. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू खडकाच्या छिद्रांत बसेपर्यंत या टाकीत एकही जीव येणार नाही.

२८ जानेवारी २०२४, रविवार

सहा आठवडे लागले. शुक्रवारी रात्री पुन्हा २ पीपीएम अमोनिया घातला होता. काल रात्री अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले. मधल्या काळात नायट्राइट दोन आठवडे वरच अडकला होता, परंतु समुद्रपाण्यातील भरपूर क्लोराइडमुळे नायट्राइट माशांच्या कल्ल्यांतून सहज आत शिरत नाही. गोड्या पाण्याच्या टाकीत असते तेवढी त्याची धास्ती इथे नसते, म्हणून घाईने पाणी बदलले नाही.

वाळूवर तपकिरी थर आला आहे. हे डायटम, म्हणजे सिलिकेटवर वाढणारे सूक्ष्म शैवाल, आहेत. नव्या खडकातील आणि वाळूतील सिलिकेट संपले की ते आपोआप जातील. मुलीला ते घाण वाटते आणि ती रोज पुसायला मागते. तिला अजून तीन आठवडे थांबायला सांगितले आहे.

११ फेब्रुवारी २०२४, रविवार

काल पहिले प्रवाळ घरी आले. दादरला राहणाऱ्या एका अनुभवी गृहस्थांनी त्यांच्या टाकीतील पाच तुकडे दिले. संध्याकाळच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये थर्माकोलचा डबा मांडीवर घेऊन बसलो. पिशव्यांभोवती गुंडाळायला आईने जुनी रजई दिली होती आणि कसारा घाट चढून गाडी इगतपुरीला लागली तेव्हा तिचा उपयोग कळला, कारण डब्याबाहेर गारठा होता आणि आत तापमापी २३.५ दाखवत होता.

आलेले तुकडे असे : सार्कोफायटन, ज्याला छांदिष्ट लोक लेदर किंवा टोडस्टूल म्हणतात, त्याचा दोन इंची छत्रीसारखा तुकडा; डिस्कोसोमा जातीची दोन लाल मशरूम; झोआन्थसची बारा तोंडांची वसाहत; ब्रायेरियम, म्हणजे ग्रीन स्टार पॉलिप; आणि झेनियाची एक फांदी. काटेकोरपणे पाहिले तर मशरूम आणि झोआन्थस हे मऊ प्रवाळ नव्हेत, ते वेगळ्या गणांतील आहेत. खरे मऊ प्रवाळ अष्टभुज असतात : प्रत्येक तोंडाला आठ स्पर्शिका आणि प्रत्येक स्पर्शिकेला पिसासारखे केस. अंगठीत मंगळासाठी घालतात ते भूमध्य समुद्रातील लाल पोवळेही याच अष्टभुज कुळातील आहे. ही गोष्ट आईला सांगितली तेव्हा तिने भिंगातून लेदरच्या एका तोंडाची एकेक स्पर्शिका मोजली आणि आठ भरल्यावर समाधानाने भिंग परत दिले.

पिशव्या टाकीत वीस मिनिटे तरंगत ठेवल्या, नंतर पाऊण तास थेंबथेंब टाकीचे पाणी मिसळले, सौम्य आयोडीनच्या पाण्यात बुडवून काढले आणि मग खडकावर ठेवले. ग्रीन स्टार पॉलिप मुख्य खडकावर ठेवलेला नाही. तो हिरवळीसारखा पसरतो आणि वाटेत येईल त्याला झाकतो, म्हणून त्याला वाळूत वेगळा दगड दिला आहे. झेनियाचेही तसेच. प्रकाश सध्या अर्ध्या ताकदीवर आणि सहा तासच ठेवला आहे.

१७ मार्च २०२४, रविवार

चूक माझीच झाली आणि ती स्वच्छतेच्या अट्टाहासातून झाली. डायटम गेल्यावर खडकावर हिरवे केसाळ शेवाळ दिसताच मी फॉस्फेट शोषणारे माध्यम फिल्टरमध्ये भरले आणि दर तीन दिवसांनी पाणी बदलू लागलो. आज नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. झोआन्थसची बारापैकी सात तोंडे मिटलेली आहेत, मशरूम आक्रसून बटणाएवढी झाली आहेत आणि वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरून ठेवणारे तंतू आले आहेत. ते रात्री विरळ होतात आणि दिवसा पुन्हा दाटतात. हे डायटमचे पुनरागमन नव्हे, ही डायनोफ्लॅजेलेट या दुसऱ्या एकपेशीय जीवांची लक्षणे आहेत, आणि अन्नद्रव्ये शून्यावर गेलेल्या टाकीत ती हमखास दिसतात.

मऊ प्रवाळांच्या पेशींत एकपेशीय शैवाल राहते आणि प्रवाळाला लागणारी बहुतांश शर्करा तेच प्रकाशापासून तयार करून देते. त्या शैवालाला नत्र आणि स्फुरद लागतो. बागेत नत्र-स्फुरद तोडले तर वेल पिवळी पडेल हे मी शेतकऱ्यांना दररोज समजावतो. तीच गोष्ट माझ्या टाकीत मला दिसली नाही, याचे वाईट वाटले. माध्यम काढून टाकले. पाणी बदलणे दोन आठवडे बंद.

३१ मार्च २०२४, रविवार

नायट्रेट ४, फॉस्फेट ०.०४. तंतू कमी होत आहेत. दोन टर्बो गोगलगायी आणल्या. केसाळ शेवाळ त्यांच्यावर सोपवले आहे.

२८ एप्रिल २०२४, रविवार

मशरूम पुन्हा रुपयाएवढी उघडली आहेत. आज टाकीत क्लाउनफिशची जोडी सोडली. हे मासे पाळीव अवस्थेत पैदास केलेले आहेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र देशात विकसित केलेले असताना समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे काहीच कारण नाही. माशांच्या बाबतीत थेंबथेंब पाणी मिसळण्याचा वेळ मुद्दाम दहा मिनिटांवर ठेवला. बंद पिशवीत माशाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच उतरलेला असतो आणि अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडल्यावर पीएच चढू लागतो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

५ मे २०२४, रविवार

दुपारी खोली ३५ अंशांवर होती. चिलर टाकीपेक्षा महाग आहे आणि खोलीत आणखी उष्णता सोडतो, म्हणून दोन छोटे पंखे पाण्याच्या पृष्ठभागावर तिरपे लावले आणि काचेचे झाकण काढून त्याजागी जाळी बसवली. दोन तासांत पाणी २८.४ वरून २६.५ वर आले आणि तिथे स्थिर राहिले.

तत्त्व माठाचेच आहे. माठातून पाझरलेले पाणी वाफ होताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी वाफ होण्यास साधारण २,४३० किलोज्यूल लागतात. टाकीत आता रोज सव्वादोन लिटर पाणी कमी होते, म्हणजे दिवसरात्र सुमारे ६३ वॅट उष्णता चिलर न लावता बाहेर जात आहे. दिव्याची आणि पंपांची मिळून जेवढी उष्णता पडते, जवळपास तेवढीच ही होते. मे महिन्यात नाशिकची हवा कोरडी असते हे आपले भाग्य. आज आर्द्रता २५ टक्के होती. कोरड्या तापमापीवर ३५ असताना ओल्या फुग्याच्या, म्हणजे टोकाला ओले फडके गुंडाळलेल्या, तापमापीवर २१ आले. पंख्याने पाणी जास्तीत जास्त या ओल्या आकड्याच्या दिशेने उतरू शकते, त्याच्या खाली कधीच नाही.

माठात आणि या टाकीत एकच फरक आहे, पण तो फार मोठा आहे. माठातले पाणी कमी झाले तर फक्त पाणी कमी होते. इथे मीठ मागे राहते. म्हणून भर घालताना नेहमी शुद्ध गोडे पाणीच घालायचे, खारे कधीही नाही. भर घालण्यासाठी तरंगता स्विच, एक छोटा पंप आणि शेजारी १० लिटरची बादली अशी आपोआप चालणारी व्यवस्था केली आहे.

२६ मे २०२४, रविवार

लग्नासाठी सात दिवस गावी गेलो होतो. एप्रिलमध्ये रोज सव्वा लिटर पाणी जात असे, त्या अंदाजाने १० लिटरची बादली आठ दिवस पुरेल असे मनात धरले आणि पंखे लावल्यानंतरचा सव्वादोन लिटरचा आकडा, जो मी स्वतः तीन आठवड्यांपूर्वी इथेच लिहून ठेवला होता, तो निघताना पाहिला नाही. बादली साडेचार दिवसांत कोरडी झाली. पंखे मात्र चालूच होते.

काल रात्री दार उघडले तेव्हा पाणी वरच्या पट्टीपासून एक इंच खाली होते. रिफ्रॅक्टोमीटरवर ३८ आले. हिशेबही तेच सांगतो : ७० लिटरमधून साडेपाच लिटर गेले की ३५ चे ३८ होतात. लेदरची छत्री मुठीसारखी आवळली होती, एकही भुजा बाहेर नव्हती. झेनियाचे स्पंदन थांबले होते. झेनियाचे हात एरवी सतत उघडमीट करतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की या हालचालीमुळे पेशींजवळ साठलेला प्राणवायू धुवून जातो आणि आतल्या शैवालाचे प्रकाशसंश्लेषण वाढते. ते हात अर्धवट मिटून लोंबकळत होते. मासे ठीक होते.

सगळे पाणी एकदम भरावे असे हाताला वाटत होते, पण तसे केले नाही. क्षारता हळूहळू चढली आहे, ती हळूहळूच उतरली पाहिजे. काल रात्री दीड लिटर, आज सकाळी दीड, दुपारी एक, संध्याकाळी एक, उरलेले उद्या. आता ३५.३ आहे. झेनियाच्या दोन हातांनी जेवणाच्या वेळी हालचाल सुरू केली आणि आम्ही सगळे ताटावरून उठून पाहायला गेलो.

बादलीच्या जागी २५ लिटरचा बंद कॅन घेणार आहे. कॅनवर तारखेसह पातळीच्या रेघा असतील.

९ जून २०२४, रविवार

पंखे तेच, टाकी तीच, खोली मे महिन्यापेक्षा तीन अंशांनी थंड, आणि तरीही पाणी २८.९. ढग भरून आले आहेत, हवा दमट आहे. आज ३२ अंशांना आर्द्रता ६५ टक्के होती आणि ओला फुगा २६ च्या वरच होता. स्वयंपाकघरातील माठातले पाणीही दोन दिवस कोमट लागते आहे. रोजची वाफ सव्वालिटरवर आली.

या दिवसांत पंख्याच्या वेगाला काही अर्थ नाही. उष्णता आत येण्याचे प्रमाण कमी करणे एवढेच हातात आहे. दिवा आठ तासांवरून पाच तासांवर आणला, तोही संध्याकाळी सहाच्या पुढे; रात्री खिडक्या उघड्या ठेवल्या. मऊ प्रवाळ काही दिवस २९ अंश सहन करतात, पण एका दिवसात तीन अंशांचा झोका त्यांना सोसत नाही, म्हणून बर्फाच्या बाटल्या टाकण्याचा सल्ला मी मानला नाही.

७ जुलै २०२४, रविवार

पाऊस लागला आहे. पाणी २६ वर, पंखे बंद.

दुपारी आईला कॅनमधील पाणी कमी दिसले आणि मी बाहेर असल्यामुळे तिने काळजीने भर घातली. भांडी बाजारातून आणलेला तांब्याचा हंडा आमच्याकडे पिण्याच्या पाण्याचा आहे. त्यातले पाच लिटर पाणी कॅनमध्ये गेले. संध्याकाळी मला कळले तेव्हा मी घाबरलो हे खरे. “अरे, तांब्याचं पाणी आपल्याला चांगलं, मग त्यांना वाईट कसं?” असे तिने विचारले, आणि प्रश्न योग्य होता. आपल्या शरीराला तांबे थोडे लागते आणि जास्तीचे बाहेर टाकता येते. गोगलगायी, झिंगे आणि प्रवाळ यांना मात्र पाण्यातील अगदी अल्प तांबेही घातक ठरते, म्हणूनच माशांच्या परजीवींवरचे तांब्याचे औषध प्रवाळांच्या टाकीत कधीच घालत नाहीत.

कॅनमधून टाकीत तोपर्यंत अर्धा लिटरही गेला नव्हता, म्हणजे सत्तर लिटरमध्ये ते फारच पातळ झाले. कॅन रिकामा करून धुतला, दहा लिटर पाणी बदलले, सक्रिय कोळसा नवा घातला. गोगलगायी रात्री काचेवर चालत होत्या. कॅनवर मोठ्या अक्षरांत “फक्त निळ्या नळाचे पाणी”, म्हणजे शुद्ध केलेले, असे मुलीने लिहिले आहे. आईला कोणी काही बोलू नये असे मी घरात सांगितले आहे.

२१ जुलै २०२४, रविवार

चार दिवसांपासून लेदर मिटलेले आहे. क्षारता ३५, अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) ८.३ डीकेएच, नायट्रेट ६, सर्व जागेवर. भुजा आत ओढलेल्या आणि छत्रीवर मेणासारखी चमक. मला दोन आठवड्यांपूर्वीचे तांबे आठवले आणि मन थाऱ्यावर राहिले नाही, परंतु मशरूम आणि झोआन्थस पूर्ण उघडे होते, म्हणून काही केले नाही.

आज सकाळी मुलीने हाक मारली. छत्रीच्या कडेपासून कांद्याच्या आतल्या पातीसारखा पातळ, पारदर्शक पापुद्रा सुटत होता आणि प्रवाहात फडफडत होता. वेव्हमेकरचे तोंड थोडे वर करून प्रवाह थेट छत्रीवर आणला. अर्ध्या तासात पापुद्रा अखंड सुटून फिल्टरच्या जाळीवर जाऊन बसला. त्यावर शेवाळाचे हिरवट ठिपके होते, म्हणजे अंगावर चढलेले सगळे त्याने एका कातीत उतरवून टाकले. खालची त्वचा फिक्या पिवळसर रंगाची, नवी. दुपारी तीनच्या सुमारास कडेकडेने पहिल्या भुजा बाहेर आल्या, त्या पूर्वीपेक्षा लांब वाटतात.

सार्कोफायटन पाण्यात टर्पीन जातीची रसायने सोडते, ज्यामुळे शेजारच्या प्रवाळांची वाढ खुंटते. कात टाकण्याच्या दिवसांत कोळसा ताजा असावा, हे पुढील वेळेसाठी.

१ सप्टेंबर २०२४, रविवार

क्लाउनफिश समुद्रात ज्याच्या आसऱ्याला राहतात ते समुद्रफूल म्हणून आमच्या मादीने लेदरला मानले आहे. ती छत्रीत अंग घासत झोपते आणि तेवढ्या भागातील भुजा मिटलेल्या राहतात. लेदर आता साडेचार इंचांचे आहे, ते सहन करेल. हस्तक्षेप नाही.

२९ सप्टेंबर २०२४, रविवार

खडकाच्या मागे तीन ऐप्टेशिया सापडल्या. काचेसारख्या पारदर्शक तपकिरी, समुद्रफुलासारख्या. डंख मारून शेजाऱ्यांना हटवतात आणि ओरबाडून काढल्या तर राहिलेल्या प्रत्येक कणापासून नवी उगवते. उपाय चुन्याचा केला. पानाला लावतात तोच हा चुना, म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. फक्त प्रयोगशाळेतील शुद्ध घेतला, कारण बाजारातील चुन्यात आणखी काय असेल ते सांगता येत नाही. दह्याएवढा दाट कालवून बोथट सुईच्या सिरिंजने, प्रवाह बंद ठेवून, थेट तोंडावर सोडला. स्पर्शिका आत गेल्या तशी वरून आणखी एक थर दिला. अर्ध्या तासाने प्रवाह सुरू केला. एका दिवशी तीनपेक्षा जास्त करू नये, पीएच उडी मारतो.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

दिवाळीपूर्वीच्या झुरळ-मुंग्यांच्या फवारणीतून दिवाणखाना वगळला आहे. रंगकाम पुढच्या वर्षी.

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

लेदर सहा इंच झाले, त्याची सावली मशरूमवर पडू लागली; आज कापले. हातमोजे आणि चष्मा घातला. झोआन्थसच्या जवळ काम करताना हे टाळता येत नाही : त्यांच्या निकटच्या पॅलिथोआ कुळातून १९७१ मध्ये हवाईतील शास्त्रज्ञांनी पॅलिटॉक्सिन वेगळे केले, ते ज्ञात असलेल्या अत्यंत तीव्र विषांपैकी एक आहे आणि डोळ्यांतून किंवा जखमेतून ते शरीरात जाऊ शकते. झोआन्थस चिकटलेले खडक घरात उकळू किंवा गरम पाण्याने घासू नयेत, वाफेतूनही बाधा झालेली आहे.

नव्या ब्लेडने छत्रीची एक कड, चपटी फोड काढावी तशी काढली. आतला भाग पांढरा आणि करकरीत लागला. ब्लेडखाली बारीक वाळू चिरल्यासारखा आवाज आला. ते स्क्लेराइट, मऊ प्रवाळाच्या अंगात विखुरलेले चुन्याचे सूक्ष्म काटे. पाण्यात दुधासारखा चीक पसरला, म्हणून तुकडा वेगळ्या भांड्यातील खाऱ्या पाण्यात तीनदा खळबळला. बुळबुळीत अंगावर गोंद धरत नाही. तुकडा दगडाच्या चिपेवर ठेवून वरून गजऱ्याच्या दोऱ्याने सैल बांधला आणि कमी प्रवाहाच्या कोपऱ्यात वाटीत ठेवला. टाकीत नवा कोळसा घातला, सात लिटर पाणी बदलले.

८ डिसेंबर २०२४, रविवार

दोरा सोडला. तुकड्याने चिपेला धरले आहे. बोटाने हलके ढकलल्यावर चीप हलते, तुकडा सुटत नाही. कापलेल्या कडेवर नखाएवढ्या जागेत अकरा तोंडे उमटली आहेत, मूळ लेदरवरील जखम बंद होऊन तिथे फिकी रेघ उरली आहे.

म्हसरूळला एका शिक्षकांनी टाकी तयार केली आहे, त्यांचा अमोनिया अजून शून्यावर आलेला नाही. त्यांना हा तुकडा जानेवारीच्या शेवटी देईन. सोबत ३६.५ ग्रॅम मिठाचे द्रावण अर्धा लिटर आणि कॅनवर पातळीच्या रेघा आखण्याची पट्टीही द्यायची आहे. आज पाणी २५, क्षारता ३५, हीटर सुरू, कॅनमध्ये १९ लिटर, रोजची वाफ ८०० मिलिलिटर.